बेळगावला डिसेंबरात दोन दिवस येतोय, कुंदा सोडून काय खावं?

तुम्ही पुण्याहून आई-वडील आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन येताय, दोनच दिवस हातात आहेत, आणि कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, सोडून थंडीत इथं काय खावं, कुठं फिरावं असं विचारलंय.

आधी खोलीचं बघा. डिसेंबरात इथं सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या दिवसांत लॉज मिळणं मुश्कील, आणि रस्त्यांचं तर विचारूच नका. तारखा बघून मगच बुकिंग करा.

कुंदा शहरातल्याच शहापूर भागातून पाव किलो घ्या आणि त्याच रात्री संपवा. तो बाराही महिने मिळतो, म्हणून थंडीच्या हिशेबात मी त्याला धरत नाही. (पाव्हणा आला की कुंदा, पाव्हण्याकडं जाताना कुंदा. आम्ही स्वतःसाठी शेवटचा कधी आणला ते आठवत नाही.)

थंडीचं खरं खाणं बघायचं तर जिल्ह्याची दोन्ही टोकं बघा. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस नुसता कोसळतो. पूर्वेला गोकाकला पोचेपर्यंत त्याचा चौथा हिस्साही उरत नाही. त्यामुळं पश्चिमेला भात आणि नाचणा, पूर्वेला काळी जमीन आणि जोंधळा. आमच्या घरात ही दोन्ही टोकं एकाच चुलीवर आली. आई खानापूर तालुक्यातली, बाबा गोकाककडचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी थंडी पडली की भांडण ठरलेलं. बाबा म्हणतात, "भात खाल्ला की झोप येतंय, भाकरी खाल्ली की काम होतंय." आई परातीतून मान वर न काढता म्हणते, "मग थापायला कोण बसतंय ते पण सांगा की."

आईची बाजू चाखायची तर एक दिवस खानापूर-जांबोटीकडं काढा. खानापूर बेळगावपासून पंचवीसेक किलोमीटर. भातकापणी नुकतीच उरकलेली असते, खळ्यावर गवताच्या गंज्या दिसतात, आणि सकाळी धुकं इतकं की पुढची गाडी फक्त दिव्यावरून कळते. तेव्हा उजाडल्यावरच निघा. नवा तांदूळ शिजवला की चिकट होतो, शहरातल्या माणसाला वाटतं भात बिघडला. आमच्या आजोळी त्याची वाट बघतात. त्यावर काळ्या वाटाण्याची आमटी, आणि सर्दी झाली असेल तर हुलग्याचं माडगं: भाजलेल्या हुलग्याचं पीठ, गूळ, जरा सुंठ. मुलगी पहिल्या घोटाला तोंड वाकडं करील. मीही करायचो.

हे सगळं हॉटेलात मिळेलच असं नाही. ओळखीचं घर असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर एखाद्या खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा.

बाबांची बाजू म्हणजे गोकाकचा रस्ता. लोक धबधब्यासाठी जातात. सुमारे 170 फुटांवरून पाणी पडतं हे खरं, पण ते पावसाळ्यात. एकदा पुण्याच्या मावसभावाला मी जानेवारीत घेऊन गेलो. कड्यावरून चार-दोन धारा लोंबत होत्या आणि तो माझ्याकडं बघत होता. तुम्ही झुलत्या पुलासाठी जा आणि वाटेतली शेतं बघा.

तुमच्या तारखांत मार्गशीर्षातली अमावास्या आली तर मात्र तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. तिकडं तिला यळ्ळ अमावास्या म्हणतात. बैलगाडीतून, आता बहुतेक ट्रॅक्टरमधून, घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याच्या पोळ्या, कारळ्याची चटणी. जेवायच्या आधी सगळ्या पदार्थांचे घास रानात चारी बाजूंना टाकायचे, त्याला चरगा म्हणतात. बाबा एरवी घरात ताट उचलून ठेवत नाहीत, पण त्या दिवशी चरग्याची बुट्टी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. रस्त्याकडेला गाडी थांबवून नुसतं बघत उभे राहिलात तरी कुणीतरी "या की जेवायला" म्हणणारच. एकदाच नको म्हणा. दुसऱ्यांदा म्हटलं तर राग येतो.

हुरड्याची आशा मात्र धरू नका, डिसेंबरात कणसं भरलेली नसतात. तो खायला संक्रांतीच्या आसपास परत या. तिकडचे कन्नड शेजारी त्याला शीतनी म्हणतात, आणि आमच्या घरातही आता तोच शब्द चालतो.

शहरात एक सकाळ ठेवा. आठच्या आत गणपत गल्लीत चक्कर मारा. उचगावकडची लाल मातीतली रताळी, वालपापडी, बारकी काटेरी वांगी, पेरू. बाई मराठीत भाव सांगेल, शेजारणीशी कन्नडात बोलेल, आणि तुम्ही हिंदीत विचारलंत तर दोघी हसतील. रताळी पाच किलो घेऊन जा, पुण्यापर्यंत त्यांना काही होत नाही. मुलीला आवड असेल तर टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दाखवा. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते तेव्हा. त्या गर्दीला पाणी पुरावं म्हणून ती खोदली.

आणि हो, गोकाकहून करदंट आणा. डिंक, गूळ, सुका मेवा. थंडीचं गोड म्हणाल तर ते. फक्त वडिलांचे दात कसे आहेत ते आधी विचारा. गेल्या वर्षी आमच्या बाबांची दाढेवरची टोपी त्यात निघून आली आणि तीन दिवस त्यांना मऊ भातावर राहावं लागलं. दोन्ही वेळा वाढून घेत होते, झोपेची तक्रार एकदाही नाही. आई ते अजून आल्या-गेल्याला सांगते.