संशयावरून भाच्याची नोकरी गेली, आता काय?

प्रश्न: ताई, भाचा इथेच एका सरकारी खात्यात लागला होता, प्रोबेशनवर, आठ महिने झाले आणि परवा एकदम घरी पाठवलं, का तर परीक्षेला त्याच्या जागी दुसराच बसला असा संशय, ना नोटीस ना चौकशी. रामबागेत लोक विचारतात, बहीण घराबाहेर पडत नाहीये. काही करता येईल का?
– एक मामा, इंदूर

उत्तर: येईल, पण उशीर करू नका. आधी ऑर्डर नीट वाचा. प्रोबेशनवाल्याला साध्या ऑर्डरने काढता येतं हे खरंय, पण कारण डमी उमेदवाराचं असेल तर तो डाग झाला ना, मग घटनेच्या कलम 311 प्रमाणे आरोप सांगून त्याची बाजू ऐकावीच लागते. हायकोर्टाचं खंडपीठ इंदूरलाच आहे.

आता एक कडू गोष्ट, भाच्याला एकट्याला बसवून खरं काय ते विचारा. व्यापममध्ये, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या त्या परीक्षा घोटाळ्यात, सुप्रीम कोर्टाने 2017 साली 634 मेडिकलच्या मुलांचे प्रवेश रद्दच ठेवले, वर्षानुवर्षं शिकलेली मुलं होती तरी. तो खरा असेल तर सही, फोटो, अंगठ्याचा ठसा जुळवून बघा अशी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. आणि बहिणीकडे रोज जा हो, तिला आत्ता एकटं सोडू नका.