अमेरिकन हेल्थ लॉ : आधी ऑडिट, मग एलएलएम

प्रश्न : मुलगी बी. फार्म. आहे. सीपीसी (कोडरची प्रमाणपत्र परीक्षा) पास होऊन दीड वर्ष नवी मुंबईत अमेरिकन हॉस्पिटलांचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे बिलासाठी निदान आणि उपचारांना ठरलेले कोड लावते. आता तिला एलएलबी करून पुढे अमेरिकेत हेल्थ लॉचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करायचं आहे. त्यासाठी घर तारण ठेवावं लागेल. तिथे या कामाला खरंच मागणी आहे का? – एक पालक, सोलापूर

उत्तर : मागणी आहे. मात्र ती फक्त वकिलांना नाही. डॉक्टरांच्या नोंदी वाचून चूक नेमकी कुठे आहे हे दाखवणाऱ्यांनाही आहे, आणि तुमची मुलगी त्या रांगेत आधीच उभी आहे.

तिकडच्या बहुतेक मोठ्या दाव्यांच्या मुळाशी १८६३ चा फॉल्स क्लेम्स ॲक्ट असतो. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) किंवा मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्य योजनांकडून खोट्या बिलावर पैसे घेतले, तर नुकसानीच्या तिप्पट रक्कम भरावी लागते. शिवाय प्रत्येक बिलामागे वेगळा दंड असतो. २०२५ च्या दराने तो १४,३०८ ते २८,६१९ डॉलर. आतल्या माणसाने सरकारच्या वतीने दावा लावला, तर त्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात असे ९७९ दावे दाखल झाले, तो तोवरचा उच्चांक होता. त्या वर्षी २.९ अब्ज डॉलरहून जास्त वसुली झाली, त्यात आरोग्यक्षेत्राचे सुमारे १.६७ अब्ज. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी खासगी तक्रारदाराचा हा हक्कच घटनाबाह्य ठरवला आणि प्रकरण अपिलात गेलं. वरच्या कोर्टात काहीही झालं तरी सरकार स्वतः लावतं ते दावे थांबणार नाहीत.

सध्या सगळ्यात जास्त लक्ष मेडिकेअर ॲडव्हांटेजवर, म्हणजे खासगी विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअरवर आहे. त्यात विमा कंपनीला दर माणशी ठरावीक रक्कम मिळते आणि निदान गंभीर असेल तर ती वाढते. साहजिकच निदान फुगवण्याचा मोह होतो. नेहमीचं उदाहरण पक्षाघाताचं. रुग्णाला तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला होता, आता काही व्यंग उरलेलं नाही. तो साध्या तपासणीला आला. इथे कोड हवा झेड ८६.७३, म्हणजे पूर्वेतिहास. कोडर लावतो आय ६३, म्हणजे आत्ताचा स्ट्रोक, आणि कंपनीला जास्त पैसे जातात. एकदा झालं तर चूक. तीच गोष्ट हजार फायलींत दिसली, वर 'हे काढू नका' असा मेल सापडला, तर दावा. २०२३ मध्ये सुपरव्हॅल्यू या दुकान-साखळीच्या प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की बिल पाठवताना कंपनीची स्वतःची समजूत काय होती हे महत्त्वाचं. म्हणूनच अंतर्गत मेल चाळण्याचं काम वाढलं आहे आणि त्यातलं काही पुण्या-मुंबईच्या लीगल आउटसोर्सिंग कंपन्यांत येतं. त्याच वर्षी सिग्ना या विमा कंपनीने मेडिकेअर ॲडव्हांटेजमधल्या निदान-कोडांच्या आरोपांवर १७.२ कोटी डॉलरची तडजोड केली.

जास्तीचे पैसे आल्याचं कळल्यावर ६० दिवसांत परत करायचे असतात. चौकशी प्रामाणिकपणे चालू असेल तर ही मुदत जास्तीत जास्त १८० दिवस थांबते, आणि मागची सहा वर्षं तपासावी लागतात. हे हिशेब कोडिंग ऑडिटर करतात, वकील नव्हे. तुमच्या मुलीने पहिली उडी तिथेच घ्यावी.

नव्या कोडरच्या सीपीसीपुढे शिकाऊ (अप्रेंटिस) म्हणून 'ए' लागलेला असतो, तो अनुभवाची अट पुरी करून आधी हटवून घ्यावा. मग सीआरसी (रिस्क ॲडजस्टमेंट, म्हणजे निदानाच्या गंभीरतेनुसार रक्कम ठरवण्याचं कोडिंग) आणि त्यानंतर सीपीएमए (ऑडिटिंग) ही प्रमाणपत्रं. ऑफिसात प्रॉडक्शन डेस्क सोडून क्वालिटी किंवा ऑडिट टीममध्ये बदली मागावी. तासाला किती चार्ट (रुग्णांच्या फायली) झाले एवढंच मोजणाऱ्या ठिकाणी कोडर वेगवान होतो, पण ऑडिटर होत नाही. आणि एक सक्त सूचना : पुरावा म्हणून का होईना, रुग्णाच्या नोंदींचे स्क्रीनशॉट घरी आणू नयेत. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता राखणाऱ्या अमेरिकेच्या हिपा कायद्याचा भंग झाला तर नोकरीवर गदा येईल.

एलएलबी जरूर करावी, पण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ७० टक्के हजेरी लागते. शिफ्ट आणि कॉलेज कसं जमवायचं हे कंपनीशी आणि कॉलेजशी आधीच लेखी बोलून घ्यावं. हजेरीत खाडाखोड करून मिळवलेली पदवी पुढे न्यूयॉर्कच्या बार परीक्षेसाठी (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) पात्रता तपासताना अंगाशी येऊ शकते.

एलएलएमचं गणित कडक आहे. अभ्यासक्रम साधारण एका वर्षाचा. त्यानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं, तांत्रिक विषयांना मिळणारी मुदतवाढ कायद्याला नाही, आणि पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. तिकडच्या मोठ्या फर्म बहुतेक जागा तीन वर्षांच्या जेडीवाल्यांनी (जेडी ही तिकडची वकिलीची मूळ पदवी) भरतात. फक्त एलएलएमच्या जोरावर घर तारण ठेवू नका. चार-पाच वर्षांचा ऑडिटचा अनुभव आणि एलएलबी हातात असेल, तेव्हा न्यूयॉर्कच्या बोर्डाकडून पात्रता आधी तपासून घ्या आणि ज्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळेल तिथेच अर्ज पुढे न्या.