दर्ग्यात रडू का आलं?

प्रश्न : ताई, मी मूळचा साताऱ्याचा, जॉबसाठी गुरुग्रामला असतो, दोन वर्षं झाली तरी समोरच्या फ्लॅटवाल्याचं नाव माहीत नाहीये. परवा गुरुवारी मित्राबरोबर निजामुद्दीन दर्ग्यात कव्वालीला गेलो, निम्मे शब्द कळले नाहीत पण बाजूच्या काकांनी मांडी आवरून मला जागा करून दिली, आणि चक्क रडू आलं. घर आमचं वारकरी. सुफी लोक म्हणतात ते विनाअट प्रेम हेच, की मी नुसता एकटा पडलोय?

– एक वाचक

उत्तर : दोन्ही असेल की, लाजायचं काय त्यात! फक्त विनाअट म्हटलं की आपण समोरच्याकडे बघतो, त्याने मला आहे तसं घ्यावं म्हणून, आणि सुफी सांगतात अट काढायची ती आपल्या बाजूची. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या (इराकमधलं शहर) राबिया या सुफी संत बाईची गोष्ट सांगतात, एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली, स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हंजे लोक हाव न् भीती सोडून देवासाठीच देवाला धरतील. तुमच्याकडे मुक्ती नको, संतसंग दे असं रोज म्हणत असतील, त्यामुळे हे काही परकं नाही.

तुम्ही गेलात तो दर्गा ज्यांचा, ते सुफी संत निजामुद्दीन औलिया रोजे धरायचे आणि पहाटे सहरीला घास उतरायचा नाही, बाहेर दुकानांपुढे माणसं उपाशी झोपलीत म्हणून. १३२५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुसरो सुलतानाबरोबर बंगालच्या मोहिमेवर, परत आले आणि सहा महिन्यांत तेही गेले. कबर त्याच आवारात. जाणकार लोक आधी खुसरोला सलाम करतात, मग पीराला, म्हणजे त्याच्या गुरूला, मला हे फार आवडतं.

सगळंच गोड नाहीये हां. मजारीच्या, म्हणजे कबरीच्या खोलीत बायकांना सोडत नाहीत, आम्ही बाहेरून जाळीला दोरा बांधायचा. राबिया आली असती तर तीही जाळीबाहेरच.

सुट्टीत गावी आलात की खुलताबादला जा, औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब तिथे कबरीत विसावलेत, १३३७ पासून. फ्लॅटवाल्याचं नाव मात्र आजच विचारा, विचारवत नसेल तर निदान दारावरची पाटी तरी वाचा.