गुरूचा फोटो पांढरा गोळाच का येतो?

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची डॉब्सोनियन (आरशाची) दुर्बीण आहे, फोकल लेंग्थ १२०० मिमी. १० मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) गुरूचे दोन पट्टे आणि चारही चंद्र डोळ्याला मस्त दिसतात, पण मोबाईल लावला की फोटोत नुसता पांढराफटक गोळा. चांगला कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॅमेऱ्यावर आत्ता एक रुपयाही घालू नका. दुर्बीण छान आहे तुमची. आजूबाजूला सगळा अंधार बघून मोबाईल एक्सपोजर (आत घ्यायचा प्रकाश) वाढवतो आणि गुरू जळून जातो, एवढंच होतंय. स्क्रीनवर गुरूवर बोट दाबून धरा, फोकस-एक्सपोजर लॉक झालं की ब्राइटनेस खाली ओढत न्या, गोळा करडा दिसायला लागला की पट्टे आपोआप वर येतात. मोबाईल हातात धरू नका, आयपीसला बसणारा अडॅप्टर घ्या.

आणि फोटो नाही, व्हिडिओ काढा. गुरू जास्तीत जास्त मोठा असतो तेव्हाही पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढाच दिसतो आणि मधे आपली हवा सतत हलत असते, चुलीच्या धगीतून पलीकडचा माणूस हलताना दिसतो ना तसंच, मग एकच फोटो नेमका चांगल्या क्षणी पडणार कसा? एक मिनिटाच्या व्हिडिओत सेकंदाला ३० च्या वेगाने १८०० फ्रेम (सुटी चित्रं) मिळतात, त्यातल्या तीन-चारशे हवा शांत असतानाच्या असतात, ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर त्या निवडून एकावर एक रचतं आणि मग रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे (बारकावे ठळक करणारे) स्लायडर हलवले की पट्ट्यांच्या कडा दिसायला लागतात. दोन्ही फुकट आहेत. तुमच्या दुर्बिणीला गुरूच्या मागे फिरवणारी मोटर नसेल तर गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत आयपीसमधून बाहेर जाईल, जाऊ दे, पिप नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये त्याला मधोमध आणून ठेवतं आणि मोबाईलच्या फाईलची ऑटोस्टॅकर्टला चालणारी एव्हीआय फाईल पण करून देतं. फक्त व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका, गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, तेवढ्यातही डाग सरकून पुसट होतात.

आता खरी गोष्ट, जी बहुतेक जण टाळतात. दुर्बीण घरातून आणली की लगेच सुरू करू नका, आरसा गार व्हायला पाऊण-एक तास द्या. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो, मी स्वतः कित्येक रात्री यात घालवल्यात, शेवटी दुर्बीण उचलून अंगणातल्या गवतावर नेली आणि त्याच आयपीसमधून गुरूवरचा लाल डाग (तिथलं प्रचंड वादळ) पहिल्यांदा नीट दिसला! चांदण्या जोरात लुकलुकत असतील त्या रात्री फोटोचा नाद सोडा, नुसतं बघा. गुरू डोक्यावर आला की काढा, क्षितिजाजवळ असताना नाही. कोलिमेशनही (दुर्बिणीतले आरसे एका रेषेत आहेत ना) दर वेळी तपासा.

मूळ व्हिडिओ डिलीट करू नका हं, त्यात काही नवंही सापडू शकतं. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला घरच्या दुर्बिणीतून घेतलेल्या चित्रांत गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक नवाच काळा डाग दिसला, काहीतरी येऊन आदळल्याची खूण होती ती, मग नासाच्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.