शंका तुझ्या खोलीत यायला हवी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

देवगडला रुजू झाल्याचं कळलं, बरं वाटलं. पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या, गाठी तिथे कशा ओळखायच्या, असं विचारलंस. एमआरआय पुढे लागतोच. पण शंका तुझ्या खोलीत आली नाही, तर वर्षानुवर्षं कुणालाच येत नाही.

गाठ बहुधा कॅन्सरची नसते, पण दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी खाली ही ग्रंथी असते. गाठ वर सरकली की दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसेनासं होतं. समोरचं नीट दिसतं, म्हणून पेशंट तक्रारच करत नाही. एखादा खलाशी एवढंच सांगेल की हल्ली जेटीवर माणसं बाजूने येऊन आदळतात. त्याला हातभर अंतरावर समोर बसव. त्याचा एक डोळा झाक, झाकलेल्या डोळ्यासमोरचा तुझा डोळा मीट. त्याला तुझ्या उघड्या डोळ्याकडेच बघायला सांग आणि बोट बाहेरून हळूहळू आत आण. तुला बोट दिसलं, तरी त्याला बराच वेळ दिसत नसेल, तर त्याला पुढे पाठवायलाच हवं. ओपीडीत कितीही गर्दी असू दे, हे कर.

बाईची पाळी थांबते, अंगावर पाजत नसताना दूध येतं, मूल राहत नाही. देवाला गाऱ्हाणं घालून झालेलं असतं आणि दोष तिच्याच माथी. आधी गरोदरपण आणि थायरॉईड बघ, मग गोळ्यांची पिशवी मागून घे. ॲसिडिटीच्या गोळीतल्या डोम्पेरिडोननेही प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं पिट्युटरीचं संप्रेरक, वाढतं. ही कारणं नसताना वाढलेलं असेल, तर एमआरआय. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुतेकदा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनीच लहान होते, हे सासूलाही समजावून सांग. 'मेंदूत गाठ' ऐकून घर हबकतं. मात्र 10 मिलिमीटरपेक्षा लहान गाठी धडधाकट माणसांतही सापडतात, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर कुणाला घाबरवू नकोस.

चेहरा राकट झालाय, बांगडीचं माप वाढलंय, चप्पल घट्ट होतेय असं दिसलं, तर आधारकार्डावरचा फोटो शेजारी धर. रोज बघणाऱ्या घरच्यांना हा बदल जाणवत नाही. मग आयजीएफ-1 ही रक्ताची तपासणी करून घे; गाठीमुळे वाढीचं संप्रेरक जास्त झालंय का, ते त्यातून कळतं.

अचानक असह्य डोकं दुखून उलट्या, नजर अंधुक, पापणी पडलेली, असं असेल तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम दे, 108 बोलाव, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, आधी फोन कर. नजर कशी आणि किती वाजता तपासलीस, ते चिठ्ठीवर स्पष्ट लिही.