काकडणे, सुप्ती आणि शीतनिद्रा

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या हट्टापायी त्यांनी नागपूरहून सोनेरी हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) आणला. जानेवारीतल्या एका पहाटे तो पिंजऱ्यात गोळा होऊन पडला होता, हाताला थंड लागत होता. मुलगी रडायला लागली. सासूबाईंनी त्याला उचललं, पाय हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "मेलं नाई वं माय, काकडलं हाये ते." लुगड्याच्या पदरात गुंडाळून त्या त्याला छातीशी धरून बसल्या आणि तासाभरात त्यानं मिशा हलवल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर 'टॉर्पर' म्हटलं, मुलीच्या पुस्तकात 'शीतनिद्रा' आहे. ताई विचारतात, टॉर्परला मराठीत काय म्हणायचं, आणि मुलीनं वहीत काय लिहायचं?

ताई, वहीत सासूबाईंचा शब्द लिहा. तो घरगुती आहे म्हणून नाही, तर या प्रसंगाला तोच सगळ्यांत नेमका बसतो म्हणून.

आधी शीतनिद्रा, म्हणजे इंग्रजीतलं हायबर्नेशन, पाहू. हायबर्नेशनचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ नुसता 'हिवाळा काढणे' एवढाच. त्यात झोप कुठेच नाही. हिवाळ्याचा लॅटिन शब्द 'हिएम्स' आणि संस्कृतातले 'हिम', 'हेमन्त' हे एकाच जुन्या मुळाचे. त्याच हिमाचं मराठीत 'हीव' झालं आणि त्यातून 'हिवाळा' आला. म्हणजे हायबर्नेशन आणि आपला हिवाळा हे लांबचे चुलतभाऊ. मला हे नातं पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण आमच्याकडे म्हातारी माणसं अजून 'हीव लागते' म्हणतात. प्रतिशब्द घडवताना मात्र त्यात 'निद्रा' आली, आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

कारण ती झोप नव्हेच. झोपेत अंग फार तर थोडं निवतं. शीतनिद्रेतल्या सोनेरी हॅमस्टरचं अंग भोवतालच्या थंडीइतकं, जेमतेम अंशभर जास्त, एवढं खाली येतं. एरवी मिनिटाला काहीशे ठोके देणारं काळीज दहाच्या आसपास येतं. आणि तो महिनोन्महिने सलग असा पडून राहत नाही. तीन-चार दिवस पडतो, मग अंगातली खास चरबी जाळून काही तासांत पुन्हा गरम होतो, साठवलेले दाणे खातो, पुन्हा पडतो. गंमत म्हणजे अशा अवस्थेतून बाहेर आलेले प्राणी आधी गाढ झोपतात, जागरण झाल्यासारखे. झोप भागलेल्याला लगेच झोप कशाला लागेल?

या एकेका फेरीला टॉर्पर म्हणतात, आणि अशा अनेक फेऱ्यांनी हिवाळा काढणं म्हणजे शीतनिद्रा. काही प्राण्यांत फेरी काही तासांचीच असते. सायबेरियाकडचा ठेंगणा हॅमस्टर हिवाळ्यात दिवसा काही तास अंग थंड करून पडतो आणि रात्री उठून कामाला लागतो. त्याला शीतनिद्रा म्हणणं चूकच. तेव्हा टॉर्परला वेगळा शब्द हवा हे तुमचं म्हणणं रास्त आहे.

सुचवले जाणारे शब्द मी जिभेवर घोळवून पाहिले. 'सुषुप्ती' कानाला गोड, पण ती जागृती, स्वप्न, सुषुप्ती या मालिकेतली, म्हणजे पुन्हा गाढ झोपच. 'ग्लानी' तापातल्या माणसाला येते, 'गुंगी' औषधानं. 'जडत्व' भौतिकशास्त्रानं कधीच नेलं. 'सुप्तावस्था' चांगला शब्द आहे, आणि आपल्या कपाशीच्या पट्ट्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचून ठेवू नका, हे सांगताना गुलाबी बोंडअळीच्या सुप्तावस्थेचा विषय निघतोच. भुईमुगाच्या काही वाणांचं ताजं बी ओल असूनही उगवत नाही, तीही सुप्तावस्था. पण तिथे वाढच थांबलेली असते, हंगाम येईपर्यंत. काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी अंगातली आच कमी करणं ही वेगळी गोष्ट. म्हणून पाठ्यपुस्तकासाठी मी 'सुप्ती' एवढाच आखूड शब्द घेईन: ठेंगण्या हॅमस्टरची रोजची सुप्ती, आणि शीतनिद्रेतली सुप्तीची एकेक फेरी.

आता काकडणे. टॉर्परचं लॅटिन मूळ म्हणजे बधिर होणं, आखडणं. विजेचा झटका देऊन बधिर करणाऱ्या माशाला त्याच मुळावरून 'टॉर्पेडो' नाव पडलं आणि पुढे ते पाणबुडीच्या अस्त्राला मिळालं. म्हणजे धात्वर्थ पाहिला तर सासूबाई डॉक्टरांचाच शब्द मराठीत बोलल्या.

आमच्याकडे हरभऱ्याच्या, गव्हाच्या दिवसांत माणसं शेतात जागलीला जातात. माझे वडील पहाटे जागलीवरून यायचे तेव्हा त्यांना शर्टाची बटणं काढता यायची नाहीत. बोटं अर्धी मिटलेली, नखं निळसर, ओठ बोलायला वळत नाहीत. आई म्हणायची, "काकडून आले." चुलीपुढं बसवलं की आधी अंगठा सुटायचा, मग एकेक बोट. या शब्दात परत येणं धरलेलंच आहे. काकडलेला शेकला की सुटतो. मेलेल्याबद्दल कुणी 'काकडला' म्हणत नाही, त्याला 'ताठला' म्हणतात. आणि 'गार पडला' हे तर लेकरासमोर बोलूच नये, कारण ऐकणारा त्याचा अर्थ गेला असाच घेतो. (काकड आरतीचा काकडा याच्याशी जोडू नये. तो पेटवलेल्या जाड वातीचा काकडा.)

एक फरक मात्र राखायला हवा. खऱ्या सुप्तीत शरीर आपणहून आच कमी करतं. काकडण्यात थंडी शरीरावर मात करते. तुमच्या हॅमस्टरचं काय झालं असावं? पाळीव सोनेरी हॅमस्टर सीरियातले. १९३० साली इस्राएल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञानं अलेप्पोजवळच्या शेतातलं बीळ खणवून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आज घरोघरी दिसणारे बहुतेक त्याच कुळातले. या जातीला शीतनिद्रेत जायला आखूड दिवस आणि बरेच आठवडे सलग थंडी लागते. तोवर तो दाणे साठवतो, शरीराची तयारी करतो. आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो तो काही रात्रींपुरता, दुपारी पुन्हा ऊन कडक. टिनाच्या छपराखाली, थोड्याशा भुशावर, एका रात्रीत गारठलेलं जनावर तयारीनं सुप्तीत गेलं असण्यापेक्षा थंडीनं काकडलं असण्याचीच शक्यता जास्त. 'शीतनिद्रेत गेलाय, आपोआप उठेल' असं समजून त्याला तसंच ठेवलं असतं तर तो दगावू शकला असता. इथे शब्द चुकला की जीव जातो, म्हणून मी एवढा अडून बसलो आहे.

सासूबाईंनी केलं तेच बरोबर: अंगाची ऊब, हळूहळू. गरम पाणी नको, शेगडीजवळ नको. श्वास इतका विरळ असतो की दोन-चार मिनिटं डोळे लावून पाहावं लागतं. शेजारच्या मुलाच्या हॅमस्टरपाशी मी असाच बसलो होतो. पोट हललं असं वाटायचं आणि पुन्हा काहीच नाही. मग एक मिशी थरथरली. शुद्धीवर आला की पाणी आणि दाणे द्यावेत, आणि डॉक्टरांना दाखवावंच.

'ग्रीष्मनिद्रा' हा शब्दही इथे लावू नका. आपला मोठा बेडूक कोरड्या महिन्यांत जमिनीत गाडून घेतो, त्याला तो शोभतो. हॅमस्टर मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, पसरून निपचित पडला तर तो उष्माघात. त्याला आधी गार जागी न्यायचं.

तर वहीत मुलीनं असं लिहावं: "आमचा हॅमस्टर थंडीनं काकडला होता. आजीनं पदरात घेऊन शेकला, मग तो हुशारला."