भंगारवाल्याकडे जुन्या गिरणीतल्या यंत्राचा बिडाचा तुकडा पाहिला, त्यावर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' असं नाव आहे. ही कंपनी नेमकी कोणती? तिचं पुढे काय झालं?

तुम्ही भंगारात पाहिलेल्या बिडाच्या तुकड्यावर जे नाव आहे, ते मी सूतगिरणीत मेंटेनन्सला असताना कितीतरी वेळा हाताने पुसलंय. जुन्या फ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्राच्या, टोकाच्या बिडातच ते उठावाच्या अक्षरांत ओतलेलं असायचं. रंगाचे थरावर थर चढले तरी बोट फिरवलं की लागायचंच. पाटी स्क्रूने बसवलेली असती तर कधीच गेली असती.

कंपनीची सुरुवात एका लोहारापासून झाली. इंग्लंडातल्या सॅडलवर्थ भागात डॉबक्रॉस नावाचं गाव आहे. तिथे १७७० मध्ये हेन्री प्लॅटने लोकर पिंजायची कार्डिंग यंत्रं करायला घेतली. त्याचा नातू, नाव हेन्रीच, १८२० च्या सुमारास मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमला आला आणि एलायजा हिबर्टबरोबर त्याने भागीदारी केली. पुढे हिबर्ट कुटुंब बाहेर पडलं आणि १८५४ मध्ये 'प्लॅट ब्रदर्स अँड कंपनी' हे नाव आलं. या भावांपैकी जॉन प्लॅट ओल्डहॅमचा महापौर आणि नंतर खासदारही झाला.

नाव बदलायच्या दोन वर्षं आधीचं एक प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारखान्यात नवी स्वयंचलित कटिंग यंत्रं आली होती आणि त्यांवर शिकाऊ म्हणून उमेदवारी न केलेले साधे मजूर बसवले जात होते. या मजुरांना काढा, ओव्हरटाइम आणि पीसवर्क (नगावर मजुरी) बंद करा, अशी कुशल कारागिरांच्या नव्या युनियनची मागणी होती. जानेवारी १८५२ मध्ये लँकशायर आणि लंडनच्या इंजिनिअरिंग मालकांनी मिळून टाळेबंदी केली. काही महिन्यांत युनियन हरली आणि 'युनियनमध्ये राहणार नाही' असं लिहून द्यायची पाळी कामगारांवर आली. गिरणगावात वाढलेल्यांना यात नवं काही वाटायचं नाही.

आता कंपनी एवढी मोठी कशी झाली ते. १८४३ पर्यंत इंग्लंडातून कापडाची यंत्रं परदेशी पाठवायला कायद्याने बंदी होती. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना ही बंदी हवीच होती, कारण यंत्र बाहेर गेलं की त्यामागून स्पर्धक उभा राहणार. बंदी उठली आणि प्लॅटने जगभर माल पाठवायला सुरुवात केली. यंत्राबरोबर ते बसवून देणारे फिटरही जायचे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तिची यंत्रं प्लॅटचीच. जपानमधल्या कागोशिमाची १८६७ ची गिरणीही याच कंपनीच्या यंत्रांवर चालली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओल्डहॅमच्या कारखान्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. ओतशाळा त्यांची स्वतःची आणि कोळशाच्या खाणीसुद्धा.

खरी गंमत म्यूल आणि रिंग या सूत कातायच्या दोन यंत्रांची आहे. म्यूलमध्ये चात्यांची अख्खी रांग एका गाड्यावर बसवलेली असते. तो गाडा रुळांवरून सुमारे पाच फूट बाहेर येतो, येताना सूत ओढून पीळ देतो आणि परत जाताना तेच सूत गुंडाळतो. म्हणजे अर्धा वेळ नुसतं गुंडाळण्यात जातो. पण सूत बारीक आणि मऊ येतं आणि लँकशायरच्या मुरलेल्या कारागिरांचा हात त्यावर बसलेला होता. रिंग फ्रेमवर पीळ आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता चालतं. नवखा कामगारही ती लवकर शिकतो आणि जाडं सूत भराभर निघतं. आपल्याकडे तिच्या खात्याला त्रासन खातं म्हणायचे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकात रिंगचा प्रयोग केला, तेव्हा लँकशायर म्यूलवरच खूश होतं. प्लॅट मात्र दोन्ही करत होते. घरच्या गिऱ्हाइकाला म्यूल आणि जपानला रिंग. त्यामुळे 'कंपनी जुन्या तंत्राला चिकटून बसली आणि बुडाली' असं कुठे वाचलंत तर फार विश्वास ठेवू नका. अडकून बसले होते ते तिचे शेजारी, लँकशायरचे गिरणीवाले. ते बुडायला लागल्यावर तिचा घरचा बाजारच गेला.

कापड विणायच्या मागाच्या बाबतीत मात्र उलटा प्रवास झाला, तंत्र जपानकडून प्लॅटकडे आलं. किइचिरो तोयोदा १९२२ मध्ये प्लॅटच्या कारखान्यात काम बघायला, शिकायला गेले होते. त्यांच्या वडिलांच्या, साकिची तोयोदांच्या, नावाचा 'जी टाइप' माग १९२४ मध्ये आला. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपत आलं की माग न थांबता धोटा आपोआप बदलायचा, त्यामुळे एका विणकराकडे बरेच माग देता यायचे. डिसेंबर १९२९ मध्ये प्लॅटने जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकी जगासाठी त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. याच पैशातून टोयोटा मोटार उभी राहिली ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती जरा फुगवलेली आहे. मंदी आल्यावर प्लॅटने घासाघीस करून रक्कम कमी करून घेतली होती. तोयोदांच्या माग कारखान्यात मोटार विभाग सुरू झाला तो १९३३ मध्ये.

१९३१ मध्ये प्लॅट, हॉवर्ड अँड बुलो, डॉब्सन अँड बार्लो, एसा लीज वगैरे यंत्रं करणारे एकेकाळचे कट्टर स्पर्धक एकत्र आले, म्हणजे मंदीनेच त्यांना एकत्र आणलं. नंतर स्टोन-प्लॅट नावाचा समूह झाला आणि १९८२ मध्ये तोही कोसळला. मुंबईतला गिरणी संपही त्याच वर्षीचा. दोन्हींचा थेट संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की चुकचुकल्यासारखं होतं.

यंत्र बघायचंच असेल तर जपानला जाणाऱ्या कुणाला तरी इनुयामाच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात जायला सांगा. १८९३ ची प्लॅटची रिंग फ्रेम तिथे जपून ठेवली आहे. आणि तुमचा तो तुकडा भंगारवाल्याकडे अजून पडून असेल, तर किलोच्या भावाने का होईना, उचलून घरी आणा.